गाडी, का खांदा?

विलासचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर वर करत होते. 'वहिनी, आई गेली. अकोल्याला, दवाखान्यात,' एवढं बोलून तो थांबला. अशा वेळी माणसं काय बोलतात ते मला माहीत आहे. औषधाच्या दुकानात निम्मं आयुष्य गेलं आहे माझं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. मी विचारलं, 'गाडी, का खांदा?' मग तो म्हणाला, 'गाडी.'

बाहेरच्या माणसाला हा प्रश्न विचित्र वाटेल, कदाचित निर्दयही. आमच्या गावात मात्र माणूस गेल्याचं कळलं की दारात आलेला पहिला शेजारी हेच विचारतो. गाडी म्हणजे मयत मूळगावी नेणार. खांदा म्हणजे इथेच, रेल्वे फाटकापलीकडच्या स्मशानात. त्या उत्तरावर पुढचं सगळं ठरतं. कोणी कोणाला फोन करायचा, दुकानं किती वेळ बंद ठेवायची, आणि मुख्य म्हणजे वखारीतून लाकूड काढायचं की नाही. ही लाकडाची वखार माझ्या दुकानाच्या बरोबर समोर आहे आणि ती ज्यांची, त्या मथुराकाकूच गेल्या होत्या. आयुष्यभर हा प्रश्न दुसऱ्यांना विचारणाऱ्या बाईचं स्वतःचं उत्तर साऱ्या गावाला ठाऊक होतं. फक्त मुलाला नव्हतं.

आमच्या गावाचं नाव धामणखेड रोड. नांदुऱ्याजवळचं लहानसं स्टेशन, तिथे आता दिवसाला मोजक्याच गाड्या थांबतात. खरं धामणखेड इथून तीन कोस लांब, पूर्णेच्या काठावर. तिथे गढी आहे, मारुती आहे, नदी आहे. रेल्वे आली तेव्हा या बाजूला काळी माती आणि बाभळी याशिवाय काही नव्हतं, म्हणून स्टेशनाला त्या गावाचं नाव दिलं आणि मागे 'रोड' जोडलं. स्टेशनाभोवती वस्ती झाली, वस्तीचा बाजार झाला, पण नाव काही मिळालं नाही. 'कुठे राहता?' असं विचारलं तर आजही लोक नुसतं 'रोडले' म्हणतात. मी चिखलीहून लग्न होऊन इथे आले तेव्हा मला वाटलं, आपल्याला रस्त्यावर नेऊन ठेवणार आहेत की काय!

मथुराकाकूंची ओळख पहिल्याच आठवड्यात झाली. चुलीसाठी लाकूड आणायला सासूबाईंनी मला समोर पाठवलं. पत्र्याच्या फाटकाच्या आत लाकडांचे ढीग, मधोमध तीन खांबांवर टांगलेला मोठा काटा, आणि काट्याच्या बाजूला पदर खोचून उभ्या असलेल्या काकू. उंच, हाडापेराने दणकट, आवाज असा की प्लॅटफॉर्मवरच्या हमालाने वळून बघावं. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, 'घाटावरची नं वो तू? मंग लाकडं काय उचलशीन! घाटावरच्या पोरी निस्त्या बोलाले खंबीर.' मी काही न बोलता मोळी उचलली. बाभळीचा काटा हातात घुसला तरी खाली ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः सासूबाईंकडे येऊन सांगून गेल्या, 'सून टिकते तुमची.'

टिकणं हा त्यांचा आवडता विषय होता. रोड हे मुळात टिकायला वसलेलं गाव नाहीच, असं त्या सांगत. पूर्वी दिवाळीनंतर घाटावरून कापसाच्या गाड्या उतरायच्या, स्टेशनापासून थेट नाल्यापर्यंत रांग लागायची. जिनिंग सुरू झालं की हमाल, आडते, न्हावी, हॉटेलवाले असे सगळे झोपड्या टाकून राहायचे आणि आभाळ भरून आलं की दारं बांधून आपापल्या गावी जायचे. पावसाळ्यात इथे स्टेशनमास्तर, रुळांची देखभाल करणारे गँगवाले आणि वखारवाले एवढेच उरत. विहिरीचं पाणी खारं, आमचा सगळा पट्टाच खारा. रेल्वेच्या लोकांचं पिण्याचं पाणी टाकीच्या डब्यातून यायचं आणि बाकीचे त्यांच्याकडून मागून घ्यायचे. देऊळ नव्हतं. स्मशान तर नव्हतंच, कारण इथे मरायला कोणी आलेलंच नव्हतं. कोणी दगावला तर बैलगाडीत घालून, वरून कडुनिंबाचा पाला पसरून त्याला घाट चढवून त्याच्या गावी न्यायचे. रात्रभर बैल चालायचे. आमचा 'गाडी' हा शब्द त्या बैलगाडीपासूनचा आहे. पुढे जीप आली, आता शववाहिका आली, पण शब्द तोच राहिला.

आणि मग गावाच्या मूळपुरुषाची गोष्ट यायची. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की त्यांच्या आवाजासकट पाठ आहे. रूळ टाकणारी टोळी इथे मुक्कामाला होती. त्यातला एक माणूस तापाने फणफणला. रूळ पुढे गेले, त्यांच्याबरोबर टोळी गेली, तो मागे राहिला. काकूंच्या सासऱ्यांचे आजोबा तेव्हा नुकतेच बाभळी तोडून टोळीला सरपण विकायला लागले होते. त्यांनी त्याला छपराखाली आणून टाकलं, पाणी पाजलं. तो काहीतरी बोलायचा, पण त्याची बोली कोणाला कळायची नाही. नाव कळलं नाही, जात कळली नाही, गाव कळलं नाही. मेल्यावर प्रश्न पडला, गाडी कुठे हाकायची? 'मंग सासऱ्याच्या आज्यानं इचार केला,' काकू सांगत, 'का याले न्यायले गाव नाई, तं आपून गावच इथं आनू.' लाइनीपलीकडे त्यांनी स्वतःच्या लाकडांवर त्याला जाळलं. तेच पुढे स्मशान झालं. त्यानंतर किती वर्षांनी कोण जाणे, एका पावसाळ्यात एका हमालाची बायको बाळंतपणात गेली. घाट बंद, बैल चिखलात रुतलेले. नाइलाजाने तिलाही त्याच जागी न्यावं लागलं. तो हमाल मग हंगाम संपल्यावर परत गेलाच नाही. म्हणायचा, तिला एकटीला टाकून कसा जाऊ?

'रेल आली म्हून गाव नाई झालं वो सुनंदा,' काकू म्हणत. 'रेल तं सगळ्या रानातून जाते. आपलं मानूस जिथं जळलं, तिथून पाय निघत नाई. मंग गाव होते.'

खरं-खोटं मला ठाऊक नाही. असल्या गोष्टींचा कागद कोणी करत नाही. पण सर्वपित्री अमावस्येला आपल्या पितरांचं पान वाढून झालं की काकू आणखी एक पान वाढायच्या. रेल्वे फाटकापलीकडे नेऊन ठेवायच्या, बाजूला पाण्याचा तांब्या. 'बोलता येत नव्हतं बिचाऱ्याले, पन पानी मांगत असन, अजून काय मांगन?' गावातल्या प्रतिष्ठितांना हे फारसं रुचायचं नाही. आडत्यांच्या घरात म्हणतात की त्यांच्या पणजोबांनी गाव वसवलं, जिनिंगवाल्यांच्या घरात त्यांच्या. बिनजातीचा, बिननावाचा माणूस मूळपुरुष म्हणून कोणाला हवा असतो? गँगच्या वस्तीतले गौतमभाऊ तेवढे मजा घेत. त्यांच्या चार पिढ्या रुळांवर राबल्या, ते स्वतः रेल्वेतूनच निवृत्त झाले. वखारीत येऊन मुद्दाम म्हणायचे, 'काकू, रूळ टाकनारा व्हता म्हनता, मंग तो आमच्यातलाच असन!' काकू लगेच, 'असन ना. मंग वाढ की बे तूबी त्याच्यासाठी पान. दरसाली मीच काऊन?' 'आमी पान नाई वाढत काकू, आमी बौद्ध.' 'मंग पानी तं ठेवशीन!' गौतमभाऊ हसायचे. गेली काही वर्षं तांब्या भरून तेच ठेवत. इथे हेही सांगायला हवं की आमच्याकडे स्मशानं दोन आहेत, फाटकाच्या अलीकडे बौद्धांचं आणि पलीकडे बाकीच्यांचं. गावाच्या थोरपणाचं मी काही सांगणार नाही. लाकूड मात्र दोन्हीकडे एकाच वखारीतून जायचं.

ते लाकूड देण्याची काकूंची एक रीत होती. चुलीचं, हॉटेलच्या भट्टीचं लाकूड काट्यावर. त्यात एक ढलपी इकडची तिकडे होऊ द्यायच्या नाहीत. पण मयताचं लाकूड त्या कधीही काट्यावर चढवत नसत. गेलेल्या माणसाला डोळ्यासमोर आणायच्या, क्षणभर उभ्या राहायच्या आणि हाताने दाखवत जायच्या: ते घे, ते घे, ते वालं नको, ते ओलं हाये. एकदा मी विचारलं, असं अंदाजाने कसं पुरतं? म्हणाल्या, 'जिवंतपनी सगळ्यायनं तोललंच ना त्याले. आता काऊन तोलायचं?'

वखारीच्या मागच्या कोपऱ्यात पत्र्याखाली एक वेगळा ढीग असायचा. जुन्या बाभळीचा, खडखडीत वाळलेला, सारख्या लांबीचा, नीट रचलेला. तो काकूंचा स्वतःचा. ही गोष्ट सुरू झाली त्यांचे यजमान गेले तेव्हापासून. काका गेले त्या दिवशी मी काकूंच्या शेजारी होते. घाटावरच्या मूळगावाहून दीर जीप घेऊन आले, घराण्यातली सगळी माणसं तिथेच नेतात म्हणाले, आणि काकांना घेऊन गेले. काकू वखारीच्या फाटकात उभ्या होत्या. मागे एवढी लाकडं. जीप वळली तशा त्या म्हणाल्या, 'साऱ्या गावाले लाकडं देल्ली मी. याले देता नाई आली...' एवढंच. रडल्या नाहीत. तेराव्यानंतर पहिली बाभूळ आली ती त्यांनी कोपऱ्यात रचून घेतली आणि येईल त्याला सांगत सुटल्या, 'हे माही. मले खांदा. घाटावर माहं कोन हाये? लग्नानंतर दोन-चार खेपा गेली असन मी तिथं.' गंमत अशी की तो ढीग कधी एक वर्ष टिकला नाही. पावसाळ्यात कोणाकडे मयत व्हायची, सगळं लाकूड ओलं असायचं, मग काकू आपल्याच ढिगातलं द्यायच्या आणि दिवाळीनंतर पुन्हा रचायच्या. आम्ही चिडवायचो, काकू, तुमची लाकडं तुमच्याआधी चालली! त्या म्हणायच्या, 'जाऊ दे. मी काय लगेच जाऊन राह्यली का?'

मी मात्र एकदा त्यांना सरळ म्हटलं होतं, 'हे आम्हाला सांगून काय उपयोग? विलासला सांगा. नेणार तो आहे.' विलास एकुलता एक, पुण्यात नोकरीला, वर्षातून दोनदा येणारा. काकूंनी हात झटकला. 'दोन दिसासाठी येते लेकरू. त्याच्यापुढं मरनाची गोठ काढू? अन् सांगायचं काय त्याच्यात? लाकडं दिसत नाईत काय त्याले?' हा त्यांचा हिशेब. वखारवाल्याच्या पोराला रचलेली लाकडं बघून कळणारच, असं त्या धरून चालल्या. विलासनेही फोनवर विचारलं असतं तर त्यांनी काहीतरी दुसरंच सांगितलं असतं, नातवाला दात आले का, वगैरे.

त्या सकाळी फोनवर विलास म्हणाला की खामगावावरूनच शववाहिका वर वळेल, त्याचे चुलते घाटावरच्या गावी थांबलेत, तिकडे सगळी तयारी झाली आहे. मी विचारलं, 'आणि अंघोळ कुठे घालणार? रस्त्यात? घर इथे आहे तिचं.' भावनेचं काही बोलले असते तर त्याने ऐकलं नसतं. हे पटलं. 'आणतो. पण तासाभराच्या वर थांबता येणार नाही,' म्हणाला.

काकूंना वखारीतल्या घरी आणलं तेव्हा अख्खा बाजार बंद होता. आम्ही बायकांनी अंघोळ घातली, लुगडं नेसवलं. त्या दणकट बाईचं वजन दवाखान्याच्या दिवसांत कुठे गेलं होतं कोण जाणे. मी एकटीने उचलली असती. मग मी विलासला हाताला धरून मागच्या कोपऱ्यात नेलं आणि पत्र्याखालचा ढीग दाखवला. काय आहे ते सांगितलं.

तो बघतच राहिला. 'हा? मला वाटलं विकायचा माल आहे. दिवाळीत मी म्हटलंसुद्धा तिला, एवढा चांगला माल पडून का आहे, विकून टाक.'

'मग काय म्हणाली?'

'हसली.' त्याचा चेहरा पडला. 'मला का नाही सांगितलं वहिनी? तुम्हा सगळ्यांना माहीत होतं, मलाच...' मग त्याने स्वतःला सावरलं. 'आता कसं बदलणार? बाबा तिथे आहेत. काकांनी माणसं बोलावली आहेत. आमचं गाव ते आहे.'

'तुझा जन्म इथला आहे विलास.'

'जन्म इथला आहे. पण आमचं गाव ते,' तो पुन्हा म्हणाला. वाद घालण्यासारखं काही नव्हतं. मुलगा तो होता. त्याला त्याच्या बापाची आठवण होती, तीही खरीच होती.

गौतमभाऊ पुढे झाले. 'भाऊ, गाडी तं गाडी. पन फाटकापावतर आमाले खांदा देऊ द्या. तेवढं तं करा.' विलासने मान हलवली. शववाहिकेला रेल्वे फाटकाशी जाऊन थांबायला सांगितलं.

वखार ते फाटक, साऱ्या गावाने खांदे बदलले. आमच्याकडे बायका मयतीसोबत जात नाहीत. त्या दिवशी गेल्या, कोणी अडवलं नाही. फाटकाशी पोचलो तर ते बंद. मालगाडी येत होती. लांबलचक, संपता संपेना. काकू खांद्यावर, समोर डबे जातायत आणि डब्यांच्या फटींतून पलीकडची बाभूळ, स्मशानाचं छप्पर, त्या पान ठेवायच्या ती जागा दिसतेय, झाकली जातेय. गाडी गेली. फाटक वर झालं. पुढचे दोघे, त्यांच्या लक्षातही आलं नसावं, चालायला लागले. खांदा घेऊन फाटकाशी कोणी थांबत नाही, पायांना तीच सवय. दोन पावलं गेले असतील. गौतमभाऊंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी विलासकडे पाहिलं. सगळेच त्याच्याकडे बघत होते. त्याने पलीकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, मग मान खाली घालून म्हणाला, 'गाडीत ठेवा.'

ठेवलं.

मी कोपऱ्यातलं लाकूड टेम्पोत भरून मागोमाग पाठवलं. निदान स्वतःच्या लाकडावर तरी जाऊ दे, एवढाच विचार. दुसऱ्या सकाळी टेम्पो भरलेलाच परत आला. ड्रायव्हर म्हणाला, 'तिकडं आधीच रचून ठुलेलं व्हतं. म्हने, आमच्याइथं काय लाकडं नाईत का? मले तं उतरूबी नाई देल्लं.' गौतमभाऊ आणि मी मिळून ते सगळं पुन्हा पत्र्याखाली रचलं.

विलासने वखार विकायला काढली आहे. गिऱ्हाईक मिळेपर्यंत चावी माझ्याकडे. तिथे दुकानांचे गाळे होतील, व्हायलाच हवेत. हल्ली चुलीला लाकूड कोण नेतं? मला त्याचं दुःख करत बसायला वेळ नाही. आषाढात, झड लागलेली असताना स्टेशनसमोरच्या हॉटेलवाल्याची आई गेली. तो दारात आला. मी विचारलं, त्याने 'खांदा' म्हटलं. वखार उघडली तर सगळं लाकूड चिंब. कोरडं तेवढं कोपऱ्यातलं. हमाल ते काट्याकडे न्यायला लागला, त्याला मी थांबवलं. त्या म्हातारीला डोळ्यासमोर आणायचा प्रयत्न केला आणि हाताने दाखवत गेले, ते घे, ते घे. पुरलं का ते कोणी सांगितलं नाही. म्हणजे पुरलं असावं.

त्यानंतर तो कोपरा रिकामा होता. दुकानातून समोर नजर गेली की पत्र्याखालची कोरडी जमीन तेवढी दिसायची. परवा उघडीप होती, धामणखेडकडचा एक शेतकरी बांधावरची जुनी बाभूळ तोडून घेऊन आला. वखार बंद आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. मी ती घेतली आणि कोपऱ्यात रचून ठेवली. आमचे हे म्हणाले, 'आपल्याला गॅस आहे. हे कशाला?' मी त्यांना सांगितलं. मग तिथूनच नागपूरला मुलाला फोन लावला.

'माझ्या वेळी गाडी नको,' मी म्हटलं. 'खांदा.'

'आई, काहीतरीच काय सकाळी सकाळी!'

'काहीतरीच नाही. वखारीच्या कोपऱ्यात पत्र्याखाली बाभूळ रचली आहे. जागा विकली गेली तर आपल्या परसात आणीन. ती माझी आहे, विकायचा माल नाही. ऐकलंस का?'

मी पुन्हा विचारलं.

'ऐकलं,' तो म्हणाला.

एक ओंडका पत्र्याबाहेर आला होता. तो आत सरकवला आणि फाटकाला कुलूप लावलं.